जावाची शिक्षा, पायथॉनचं मीपण

ऑफिसात दिवसभर जावा, क्लायंटशी इंग्लिश, कॅब ड्रायव्हरशी हिंदी आणि घरी मराठी. सांगा बॉस, आपली मातृभाषा नक्की कुठली?

आता हेच बघा. जावा आणि जावास्क्रिप्टचं नातं काय? हिंदीतल्या 'शिक्षा'चं आणि आपल्या 'शिक्षे'चं आहे तेच! नाव सारखं, पण तिकडे शिक्षण अन् इकडे छड्या. दोघीही १९९५ च्या. पण जुळ्या समजून एकीचा अनुभव दुसरीच्या इंटरव्ह्यूत खपवायला गेलात, तर छड्या नक्की.

जावाचा थाट सरकारी मराठीचा. नुसतं 'हॅलो' म्हणायलाही वर्षानुवर्षं 'पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन' असा लांबलचक मायना लागायचा. २०२५ च्या जावा २५ मध्ये कुठे तो आटोपशीर झाला!

पायथॉन त्या मानाने साधीसरळ. पण ओळीच्या सुरुवातीची एक रिकामी जागा चुकली, की बाईसाहेब रुसल्याच. हसू नका, 'मी पण' आणि 'मीपण' यांत तरी फरक किती जागेचा आहे?

आणि कोबोल? ती आपली मोडी. जन्म १९५९ चा. जुनी दप्तरं तिच्यात, वाचणारे मोजके. २०२० साली, कोरोनाच्या धामधुमीत बेकारभत्त्याच्या अर्जांचा ढीग पडला, तेव्हा अमेरिकेत न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी कोबोलवाल्यांना जाहीर साद घातली. थोडक्यात काय, आजोबा, या, सिस्टिम बसलीय!

या सगळ्या भाषांत एक शब्द मात्र कॉमन. 'इफ'. म्हणजे आपलं जर-तर. कॉम्प्युटर त्याचा अर्थ शब्दशः घेतो. अट खरी ठरली तर काम, नाहीतर पुढची ओळ.

गेल्या महिन्यात आई फोनवर म्हणाली, "वेळ मिळाला तर ये हो रविवारी."

मी अट तपासली. रिलीज तोंडावर, वेळ नाही. अट खोटी. नाही गेलो.

सोमवारी बाबांचा फोन. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "काल तीन वाजेपर्यंत जेवायची थांबली होती रे ती."

आईच्या 'तर'मध्ये अट नसतेच मुळी. आणि गंमत म्हणजे तिथे चुकलं तरी स्क्रीनवर एरर येत नाही. आईही काही बोलत नाही.

या रविवारीही रिलीज आहे. वेळ अजिबात नाहीये.

जातोय.