दळण कोणी न्यायचे? भोर-वेल्ह्यातील गृहविलगीकरण आणि घरातला शिधा

साथीच्या काळात बाधित कुटुंबाने ठरावीक दिवस घराबाहेर पडू नये, ही अपेक्षा कागदावर अत्यंत साधी दिसते. परंतु त्या दिवसांत घरातली चूल पेटती राहण्यासाठी लागणारे तेल, मीठ, पीठ आणि औषध बाहेरूनच यावे लागते, आणि ते आणणारी माणसे नेमकी त्याच उंबऱ्याआड अडकलेली असतात. करोनाच्या साथीत हा प्रश्न जगभर उभा राहिला. शहरांत त्याची चर्चा प्रामुख्याने घरपोच सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या अंगाने झाली, तर पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील भोर आणि वेल्हे या डोंगरी तालुक्यांत, जेथे अशा कंपन्या पोहोचतच नव्हत्या, तेथे त्याचे स्वरूप निराळे होते. या भागातील बहुतेक शेतकरी घरांत धान्य होते. अडचण होती ती ते धान्य खाण्याजोगे करून पुन्हा घरात आणण्याची.

येथे दोन शासकीय संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. बाधिताच्या संपर्कात आलेल्या किंवा बाहेरगावाहून परतलेल्या, परंतु आजारी नसलेल्या व्यक्तीला इतरांपासून दूर ठेवणे म्हणजे अलगीकरण, ज्याला गावोगाव सरसकट ‘क्वारंटाईन’ म्हटले गेले. आणि तपासणीत बाधित ठरलेल्या रुग्णाला वेगळे ठेवणे म्हणजे विलगीकरण. अलगीकरणाची मुदत प्रारंभी १४ दिवसांची होती, तर सौम्य लक्षणांच्या रुग्णांसाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २ जुलै २०२० रोजी दिलेल्या सूचनांनुसार लक्षणे दिसल्यापासून १० दिवसांचे गृहविलगीकरण आणि त्यानंतर आणखी ७ दिवस घरीच राहण्याचा सल्ला होता. रुग्णाची देखभाल करणारी व्यक्ती घरात चोवीस तास उपलब्ध असावी, अशीही अट त्यात होती. ही अट लिहिणाऱ्यांच्या नजरेसमोर स्वतंत्र खोली, स्वतंत्र स्वच्छतागृह आणि एकच आजारी माणूस असलेले घर असावे. तीन पिढ्या एका माजघरात वावरणाऱ्या आणि एकाच चुलीवर जेवणाऱ्या कुटुंबात एक जण बाधित झाला की व्यवहारात सगळे घरच विलगीकरणात जात असे.

भोर तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १ लाख ८६ हजार, तर वेल्ह्याची (हा तालुका आता राजगड या नावाने ओळखला जातो) अवघी ५४ हजारांच्या आसपास, म्हणजे पुणे जिल्ह्यातील सर्वांत कमी आहे. राजगड आणि तोरणा यांच्या पायथ्याच्या वाड्या, भाटघर, नीरा-देवघर, पानशेत आणि वरसगाव या धरणांच्या फुगवट्याकाठी वसलेली गावे आणि सह्याद्रीच्या माथ्यालगतचे धनगरवाडे अशी ही विखुरलेली वस्ती आहे. लहान वाडीत दुकान असलेच तर ते घराच्या पडवीत मांडलेले, चहापत्ती, साखर, बिडीकाडी आणि साबण एवढ्यापुरतेच असते. महिन्याचा किराणा भोर शहरातून, पुणे-सातारा महामार्गालगतच्या नसरापूरहून किंवा नीरा नदीपलीकडच्या शिरवळहून येतो. यातील शिरवळ सातारा जिल्ह्यात असल्यामुळे मार्च २०२० मध्ये जिल्ह्यांच्या सीमा बंद होताच नदीपलीकडची नेहमीची पेठ भोरच्या पूर्व भागातील लोकांना परजिल्ह्यातील झाली. एसटी थांबली, आठवडे बाजार बंद झाले आणि ज्याच्याकडे मोटारसायकल आहे तोच बाजारहाट करू शकेल, अशी स्थिती निर्माण झाली. तो मोटारसायकलवालाच घरात अडकला की त्याच्यावर अवलंबून असलेली शेजारची दोन-तीन घरेही अडत.

तरीही या भागात उपासमारीची पाळी सरसकट आली नाही, याचे मोठे श्रेय बेगमीच्या जुन्या रीतीला द्यावे लागते. मुसळधार पावसाच्या मावळपट्ट्यात ओढ्यांना पूर येऊन, दरडी कोसळून वाटा बंद होणे नेहमीचेच असल्यामुळे आषाढ-श्रावणापुरता शिधा वैशाख-ज्येष्ठातच भरून ठेवण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. कणगीत किंवा आताच्या पत्र्याच्या कोठीत आंबेमोहर वा इंद्रायणीचे भात, नाचणी, वरी, थोडी कडधान्ये, दोरीला टांगलेल्या लसणाच्या जुड्या, कांदे, सुके बोंबील आणि जवळा, शिवाय पापड-कुरडया-सांडगे हे उन्हाळी वाळवण, असा तो साठा असतो. २५ मार्च २०२० रोजी सुरू झालेली देशव्यापी टाळेबंदी नेमकी चैत्राच्या तोंडावर आल्यामुळे खरिपाचे भात घरात होते आणि वाळवणाचा हंगाम समोर होता. दुकानातून रोजच्या रोज आणून जेवणाऱ्या शहरी घरापेक्षा हे घर कितीतरी निर्धास्त होते, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु कोठीतले भात म्हणजे ताटातला भात नव्हे. भात भरडण्यासाठी भातगिरणीवर न्यावे लागते, भाकरीसाठी तांदूळ किंवा नाचणी पिठाच्या गिरणीवर दळावी लागते आणि वर्षाच्या मसाल्याची मिरची कांडपयंत्रावर न्यावी लागते. या गिरण्या प्रत्येक वाडीत नसतात. पीठ फार दिवस टिकत नसल्यामुळे दळण आठ-पंधरा दिवसांनी न्यावेच लागते, आणि विलगीकरणाची मुदत त्याहून लांब असल्याने प्रत्येक बंद घराला निदान एकदा गिरणीची गरज पडतेच. जाते बहुतेक घरांत कोपऱ्यात पडलेले होते खरे, पण ते ओढण्याची ताकद आणि सवय उरलेल्या बायका थोड्या, आणि तापाने अंग मोडलेल्या घरात तर ती अपेक्षाच गैर. बाधित घरचा डबा गिरणीत घ्यावा की न घ्यावा, त्याच्यामागून आपले धान्य टाकावे की नाही, ही भीती गिरणीच्या दारातल्या गर्दीत उघड बोलली जाई. शासनाच्या जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत धान्य, भाजीपाला, दूध आणि औषधे होती. गिरणीपर्यंतच्या फेरीचा विचार मात्र कोणत्याही योजनेत ठळकपणे झालेला दिसत नाही.

शिधापत्रिकेवरील धान्यानेही ही फेरी टळली नाही, उलट वाढली. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबास एकूण ३५ किलो धान्य मिळते. त्याखेरीज एप्रिल २०२० पासून प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेतून प्रत्येक व्यक्तीस आणखी ५ किलो धान्य आणि सुरुवातीच्या महिन्यांत प्रत्येक कुटुंबास १ किलो डाळ मोफत देण्यात आली. या अधिनियमात न बसणाऱ्या केशरी शिधापत्रिकाधारकांना राज्य शासनाने मे आणि जून २०२० साठी प्रतिव्यक्ती ३ किलो गहू ८ रुपये किलोने आणि २ किलो तांदूळ १२ रुपये किलोने उपलब्ध करून दिला. प्रमाणाच्या दृष्टीने ही मदत मोठी होती, यात शंका नाही. पण धान्य येई ते स्वस्त धान्य दुकानापर्यंत. तेथून ते डोक्यावर किंवा गाडीवर घरी आणावयाचे, त्यातला गहू पुन्हा गिरणीवर न्यावयाचा. बोटाचा ठसा घेऊनच धान्य देणाऱ्या ई-पॉस यंत्रामुळे संसर्गाचा धोका आहे हे ओळखून साथीच्या आरंभी दुकानदाराच्या ठशावर वाटप करण्याची सवलत देण्यात आली, आणि तिच्यामुळे बंद घराचे धान्य शेजाऱ्याने उचलून आणणे निदान शक्य झाले. यंत्राच्या नियमातील एवढीशी ढिलाई विलगीकरणातील कुटुंबाला अनेक मोठ्या घोषणांपेक्षा अधिक उपयोगी पडली असावी.

दारापर्यंत खरोखर पोहोचलेली शासकीय मदत पाहावयाची तर ती अंगणवाडीची होती. अंगणवाड्यांतील गरम ताजा आहार बंद झाल्यावर लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि स्तनदा माता यांच्यासाठी कडधान्य, गहू, तिखट-मीठ असा कोरडा शिधा सेविका आणि मदतनीस यांनी घरोघरी दिला. ताप आणि प्राणवायूची पातळी तपासत दारोदार फिरणाऱ्या आशा कार्यकर्त्या, ज्यांचे काम सप्टेंबर २०२० मधील ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आणखी वाढले, त्यांच्याकडेच घरातले मीठ संपल्याचे, गोळ्या संपल्याचे निरोप जात. गाव बंद घराशी बोलत होते ते बहुतांशी तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या या स्त्रियांच्या तोंडून.

उरलेला सारा भार भावकीने उचलला. भावकी म्हणजे एकाच मूळ पुरुषाची, बहुधा एकाच आळीत राहणारी आडनावबंधू घरे. जमिनीच्या बांधावरून त्यांची वर्षानुवर्षे भांडणे चालतात आणि लग्न-मयतीला तीच पुढे येतात. बंद घरातून फोनवर यादी सांगावयाची, भावकीतल्या पोराने ती वाण्याकडे द्यावयाची, वाण्याने रक्कम उधारीच्या वहीत मांडावयाची आणि पिशवी ओट्यावर किंवा अंगणातल्या तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर ठेवून पोराने दूर उभे राहून हाक मारावयाची, अशी ही साधी पद्धत होती. फोनला रेंज नसलेल्या वेल्ह्याच्या आतल्या भागात यादीऐवजी अंगणातून अंगणात ओरडून सांगणे आले. या व्यवस्थेत वाण्याची वही दुर्लक्षून चालणार नाही: मजुरी थांबलेली, पुण्या-मुंबईच्या नोकरीतून येणारे पैसे आटलेले, बँकेत जाण्याची सोय नाही, अशा वेळी ओळखीवर मिळणारी उधारी हेच त्या महिन्यांतले खरे चलन होते.

शेतकऱ्याच्या घरातील शिधा माणसांपुरता नसतो, हेही शहरी नियमावल्यांच्या ध्यानी आले नाही. गोठ्यातल्या गाई-म्हशींना वैरण आणि पाणी रोज लागते, आणि दूध दोन्ही वेळा काढावेच लागते. बंद घरचे दूध संकलन केंद्रावर घालणे अवघड झाले की रोजची आवक तुटे, म्हणजे किराण्याचा पैसाच बंद होई. पावसाळ्यात विलगीकरण आले तर भातलावणी खोळंबे. एकमेकांच्या शेतावर आळीपाळीने काम करण्याची वारंगुळ्याची रीत अशा वेळी मोलाची होती, कारण रोपे थांबत नाहीत आणि लावणी हुकली तर पुढच्या वर्षीची कोठीच रिकामी.

पिशवी आल्यावर तिचे काय करावे, याबद्दल प्रारंभी मोठा गोंधळ होता. विषाणू प्लॅस्टिक आणि पोलाद यांवर तीन दिवसांपर्यंत टिकू शकतो, असे प्रयोगशाळेतील निष्कर्ष मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झाले आणि घरोघर किराणा उन्हात ठेवणे, नोटांना इस्त्री करणे, भाजी साबणाने धुणे असे प्रकार सुरू झाले. पुढे स्पष्ट झाले की हा आजार मुख्यतः श्वासावाटे उडणाऱ्या थेंबांतून आणि सूक्ष्म तुषारांतून पसरतो. अन्नातून तो पसरल्याचा पुरावा नाही, आणि वस्तूंना हात लावल्याने होणारा संसर्ग अत्यंत विरळ असल्याचे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानेही एप्रिल २०२१ मध्ये सांगितले. भाजी स्वच्छ पाण्याने धुणे आणि हात साबणाने धुणे पुरेसे होते. साबण भाजीला लावणे मात्र पोटाला अपायकारक. गावातली खरी जोखीम पिशवीत नव्हती, ती पिशवी देता-घेता ओट्यावर बसून होणाऱ्या गप्पांत होती.

या साऱ्यामागे असलेला कायदा जुनाच होता. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने लागू केलेला साथरोग अधिनियम १८९७ चा, म्हणजे प्लेगच्या साथीतला. त्या साथीत पुणे शहरात सैनिकांकरवी घरझडत्या आणि सक्तीचे स्थलांतर झाले, त्याविषयीचा असंतोष २२ जून १८९७ रोजी या मोहिमेचा प्रमुख असलेला ब्रिटिश प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या जाण्यापर्यंत गेला. खेड्यांनी मात्र आपला निराळा मार्ग काढला होता: गाव ओस टाकून माणसे आपापल्या रानात खोपटी बांधून राहत आणि धान्य सोबत नेत. म्हणजे तेव्हा घर आणि शेत एकत्र येई. २०२० मध्ये विलगीकरणाने ती दोन्ही परस्परांपासून तोडली.

ज्यांना भावकीही नव्हती आणि कोठीही नव्हती, त्यांची स्थिती सर्वांत बिकट झाली. या तालुक्यांतील कातकरी वस्त्या मजुरी, मासेमारी आणि रानातून मिळणाऱ्या वस्तूंवर जगतात, त्यांच्याकडे साठा नसतो आणि शिधापत्रिका किंवा आधार जोडणीच्या अडचणीमुळे अनेक कुटुंबे शासकीय धान्याच्या बाहेर राहतात. रोज कमवून रोज खाणाऱ्या घराला १४ दिवस बाहेर पडू नका असे सांगणे म्हणजे उपाशी राहा असेच सांगणे ठरते. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत किराणा दुकानांची वेळ सकाळी ७ ते ११ अशी करण्यात आली, तेव्हा डोंगरातून चालत पेठेत येणाऱ्यांना ती वेळ गाठणेही कठीण होते.

इतरत्र या प्रश्नाची उत्तरे वेगवेगळी शोधली गेली. केरळमध्ये मार्च २०२० अखेर स्थानिक स्वराज्य संस्था आणि कुटुंबश्री या महिलांच्या संघटनेने सामुदायिक स्वयंपाकघरे उघडून अलगीकरणातील घरांना शिजवलेले अन्न पोहोचवले. ब्रिटनने अतिजोखमीच्या आजारी व्यक्तींना जुलै २०२० अखेरपर्यंत शिध्याच्या पेट्या दारी दिल्या. आंध्र प्रदेशाने जानेवारी २०२१ पासून स्वस्त धान्य वाहनांतून घराजवळ वाटण्यास आरंभ केला, तर दिल्लीची तशीच योजना मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयात रद्द ठरली. यांपैकी भोर-वेल्ह्याला सर्वांत जवळचे वाटते ते केरळचे उदाहरण, कारण शिजवलेल्या अन्नाला गिरणी लागत नाही, आणि बचत गट, अंगणवाडीचे स्वयंपाकघर व शाळेतली खिचडीची भांडी या गावांतही आधीपासून आहेत. पाच-सहा वाड्यांच्या गट ग्रामपंचायतीला ती चुलीवर चढवण्यास लागणारे इंधन, पैसा आणि डबे पोहोचवणाऱ्याची मजुरी कोणत्या खात्यातून द्यावयाची, एवढेच ठरवणे बाकी राहते.