किंग घराण्याची गावातली पेढी

कृष्णा खोरे जातीच्या गुरांचा माग काढता काढता मी टेक्ससच्या किंग्सव्हिल गावापर्यंत पोचलो. सांगलीसारख्या दक्षिणी संस्थानांच्या अधिपतींनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, काळ्या चिकट रानात नांगर ओढायला ही जात घडवली. अमेरिकेतली ‘ब्राह्मण’ गुरं ज्या भारतीय जातींतून निघाली, त्यांत गीर, कांकरेज, ओंगोल यांच्याबरोबर तिचंही नाव येतं. या ब्राह्मण रक्ताचा इंग्लंडच्या शॉर्टहॉर्नशी संकर करून तिथल्या किंग रँच या गुरांच्या कुरणाने ‘सांता गर्ट्रूडिस’ ही उन्हाला न डगमगणारी जात उभी केली. १९४० मध्ये अमेरिकी सरकारने तिला मान्यता दिली.

पण गुरांपेक्षा गावच मला जास्त गुंतवून गेलं. रस्त्यांची नावं वाचा: किंग, क्लेबर्ग, हेन्रिएटा, रिचर्ड, अ‍ॅलिस. नवरा, बायको, मुलगी, जावयाचं आडनाव. रँचच्या मालकांचं अख्खं घराणं नकाशावर बसलं आहे. क्लेबर्ग अव्हेन्यूवर १९०९ सालची रॅगलँड इमारत आहे. जॉन रॅगलँड यांच्या मर्कंटाइल कंपनीचं ते मोठं दुकान होतं, आज तिथे रँचचं खोगिरांचं दुकान आहे.

रिचर्ड किंग हा नदीवर आगबोटी चालवणारा कप्तान. १८५३ मध्ये त्याने पहिली साडेपंधरा हजार एकर जमीन तीनशे डॉलरला घेतली. १८८५ मध्ये तो गेला तेव्हा मागे सहा लाखांहून अधिक एकर होते आणि पाच लाख डॉलरचं कर्ज. दोन्ही बायको हेन्रिएटाच्या पदरात पडलं. मिशनऱ्याची ही मुलगी तेव्हा पन्नाशी ओलांडलेली होती. जावई रॉबर्ट क्लेबर्गला कारभार सोपवून तिने कर्ज फेडलं, जमीन वाढवली आणि रेल्वेला जागा दिली. ४ जुलै १९०४ रोजी पहिली गाडी आली आणि गाव वसलं. भूखंड विकले घराण्याच्याच कंपनीने. खरेदीखतात अट होती: या जागेवर दारू विकायची नाही. एका बाईची श्रद्धा असं कायद्याचं रूप घेऊन गावभर पसरली. ती श्रद्धा मला करडी वाटते, पण त्या बाईच्या हिमतीपुढे मान लवते.

रँचच्या खोगिरांच्या दुकानाचं मूळ मात्र गावापेक्षा जुनं. रँचवरच्या स्वारांना पुरतील इतकी आणि टिकतील अशी खोगिरं बाहेर मिळेनात, म्हणून कप्तानाने स्वतःचाच कारखाना काढला. गुराख्याचं खोगीर ही बैठक कमी आणि अवजार जास्त. दोराच्या एका टोकाला चारपाचशे किलोंचा उधळलेला बैल, दुसरं टोक खोगिराच्या पुढच्या खुंट्याला. तो हिसका पेलायचा असतो आतल्या लाकडी सांगाड्याने. त्याच्यावर न कमावलेलं कातडं ओलं असताना ताणून शिवतात. वाळताना ते आकसतं आणि लाकडाला असं आवळतं की सांधा हलत नाही. वाळवण्याची घाई केली तर कातडं वाकडं ओढतं, सांगाडा पिळवटतो आणि त्याचा काच घोड्याच्या पाठीला लागतो. मग वर कमावलेलं जाड चामडं. तेही ओलवायचं आणि वाट पाहायची, पृष्ठभागाचा मूळ रंग परतू लागेपर्यंत. नक्षीचा ठसा तेव्हाच खोल उमटतो. आधी मारला तर रुततो पण टिकत नाही, उशीर झाला तर उठतच नाही. ही वेळ हाताला कळावी लागते, आणि हात तयार व्हायला वर्षं जातात.

काळजी इथेच सुरू होते. गुरं हाकायला आज हेलिकॉप्टर आणि ट्रक आहेत. रोज आठ तास घोड्यावर बसणारेच कमी झाले, तर खोगीर घ्यायचं कुणी? दुकानात पिशव्या, प्रवासी बॅगा, पट्टे यांचीही विक्री चालते. त्याचा मला राग नाही, त्यामुळे कारागिराची चूल पेटत असेल तर बरंच. पण पिशवी शिवून सांगाडा आवळण्याचं ज्ञान टिकत नाही.

हेन्रिएटा १९२५ मध्ये गेली. वारसाकर आणि मंदी यांत रँच अडकली, तेव्हा तेलकंपनीशी १९३३ मध्ये झालेल्या कराराने ती सावरली. पुढे रँचचीच कंपनी झाली, आणि आज तिचं मुख्य कार्यालय ह्यूस्टनला आहे. निर्णय गावाबाहेर होतात.

आणखी एक सल आहे. १८५४ च्या सुमारास दुष्काळाने पोळलेल्या क्रुइयास या मेक्सिकन गावातली गुरं किंगने विकत घेतली आणि मग माणसांनाही बोलावलं. ती कुटुंबं बिऱ्हाडांसकट आली, पिढ्यानपिढ्या राबली. त्यांना किनेन्यो, म्हणजे किंगची माणसं, म्हणतात. दोर फेकणारे तेच, खोगिरावर बसणारे तेच. किंग घराण्याची नावं ज्या रस्त्यांना मिळाली, त्यांतल्या एखाद्याला क्रुइयासचं नाव द्यायला हरकत नसावी.