कवितेचे सतरा मसुदे: कच्चा कागद नेमकं काय सांगतो?

कविता कशी सुचली असं कवीला विचारलं, की उत्तर बऱ्याचदा एखाद्या छान गोष्टीसारखं येतं. पण आठवण वेगळी आणि पुरावा वेगळा. तुमचा विषय रसायनशास्त्र असो की साहित्य, हा फरक प्रबंध लिहिताना पावलोपावली भेटणार आहे. म्हणून आज एक उदाहरण नीट पाहूया.

अमेरिकन कवयित्री एलिझाबेथ बिशप यांची ‘वन आर्ट’ ही कविता १९७६ मध्ये ‘न्यू यॉर्कर’मध्ये छापून आली. तिचा विषय आहे हरवणं: आधी किल्ल्या, मग घरं, आणि शेवटी एक जवळचं माणूस. रचना आहे ‘विलानेल’. म्हणजे १९ ओळी, दोनच यमकं, आणि दोन ओळी ठरलेल्या जागी पुन्हापुन्हा येणार. अवघड प्रकार! बिशप पुढे एका मुलाखतीत म्हणाल्या, की आयुष्यभर विलानेल जमत नव्हतं आणि एक दिवस ते पत्र लिहावं तसं लिहून झालं.

आता पुरावा बघा. व्हासार कॉलेजच्या संग्रहात या कवितेचे सतरा मसुदे आहेत. पहिला टंकलिखित आहे आणि तो कवितेपेक्षा टिपणासारखा वाटतो. हरवलेल्या वस्तूंची जणू यादीच. दुसऱ्यात विलानेलचा सांगाडा दिसायला लागतो, तोही अर्धवट. शेवटच्या कडव्यावर सगळ्यात जास्त झटापट आहे. मधल्या काही मसुद्यांत ‘वर लिहिलंय ते खोटं आहे’ अशा अर्थाची सरळ कबुली येते. छापील कवितेत ती नाही. तिथे दुःख झाकलेलंच राहतं, आणि म्हणूनच जास्त जाणवतं.

मग बिशप खोटं बोलल्या का? घाई करू नका. ‘सोपं गेलं’ हा अनुभव आहे. ‘सतरा’ ही कागदांची मोजणी आहे. एकानं दुसरं खोडलं जात नाही. सतरा मसुद्यांना किती वेळ लागला, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. अनेक वर्षं न जमलेल्या गोष्टीपुढे सतरा कागद हलकेही वाटले असतील. पण हे ‘असतील’ आहे, ‘होते’ नाही. संशोधकाला हा फरक सांभाळता आला पाहिजे.

मसुदे वाचताना तीन प्रश्न विचारायचे.

पहिला, क्रम कोणता? मसुद्यांवर तारीख नसेल तर क्रम लावावा लागतो. एका पानावर हाताने केलेली दुरुस्ती दुसऱ्या पानावर टंकलिखित मजकुरात आली असेल, तर दुसरं पान बहुधा नंतरचं.

दुसरा, हात कोणाचा? टी. एस. एलियट यांच्या ‘द वेस्ट लँड’चं हस्तलिखित अनेक वर्षं हरवलं असं समजलं जात होतं. ते न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात असल्याचं १९६८ मध्ये जाहीर झालं आणि १९७१ मध्ये त्याच्या प्रतिमा पुस्तकरूपात आल्या. त्यात एझरा पाउंड यांनी केलेली जबरदस्त काटछाट दिसते. पत्नी व्हिव्हियन यांचेही शेरे आहेत. म्हणजे ‘कवीची सर्जनप्रक्रिया’ म्हणताना कवी एकटाच होता, हेसुद्धा गृहीत धरता येत नाही.

तिसरा, काय उरलेलं नाही? फाडून टाकलेलं पान संग्रहात येत नाही, आणि डोक्यात बदललेली ओळ कागदावर उतरतच नाही.

हे काम आता संगणकावरही होतं. जादवपूर विद्यापीठाच्या ‘बिचित्रा’ या प्रकल्पात रवींद्रनाथ टागोरांची हस्तलिखितं आणि छापील आवृत्त्या ऑनलाइन आहेत, आणि पाठ शेजारी ठेवून ताडून बघायची सोयही आहे. पण संगणक सांगेल शब्द कुठे बदलला. का बदलला, हा युक्तिवाद आपल्यालाच करायचा असतो.

म्हणून प्रबंधात ‘कवयित्रीला इथे भीती वाटली’ असं लिहू नका. ‘या मसुद्यात कबुली आहे, पुढे ती काढली आहे, त्यावरून असं म्हणता येईल’ असं लिहा. वाक्य थोडं लांबेल, पण व्हायव्हात त्याच्या बाजूने उभं राहता येईल. आणि हो, स्वतःच्या प्रयोगवहीतली फसलेली पानं फाडू नका. छापलेल्या शोधनिबंधात फक्त निकाल दिसतो. तिथवर कसे पोचलो, हे तीच पानं सांगतात.