गंधाचा त्रास कोणास व का होतो?

बंगळूर शहराच्या आग्नेय भागात बेळ्ळंदूर नावाचा विस्तीर्ण तलाव आहे. शहराचे सांडपाणी कित्येक वर्षे त्यात येत राहिले आणि त्याबरोबर घरोघरच्या मोरीतून वाहिलेली धुण्याची पूडही आली. २०१५ च्या सुमारास तेथील पांढरा फेस वाऱ्याने उडून रस्त्यावर येऊ लागला. फेब्रुवारी २०१७ मध्ये तर तलावावरच आग लागून धुराचे लोट उठले. वासाने डोके दुखते, फेस लागल्यास अंगास खाज सुटते, अशा तक्रारी काठच्या रहिवाशांनी केल्या. परंतु पुष्कळदा एकाच घरात एकास असा त्रास असह्य होतो आणि दुसऱ्यास तो जाणवतही नाही. असे का व्हावे?

याच्या उत्तरासाठी तीन क्रिया वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. पहिली गंधज्ञानाची. नाकाच्या वरच्या भागातील पेशींपर्यंत द्रव्याचे सूक्ष्म कण पोचले म्हणजे वास कळतो. दुसरी क्षोभाची. डोळे, नाक व घसा यांतील मज्जातंतूंची टोके तीव्र द्रव्याने चेतविली जातात. मिरचीच्या खकाण्याने ठसका लागतो तो यामुळेच. दम्याच्या रोग्याच्या श्वासनलिका अशा वेळी चटकन आकुंचन पावतात. तिसरी ॲलर्जीची. शरीराची संरक्षक यंत्रणा एखाद्या द्रव्यास शत्रू मानू लागते. टिकलीच्या डिंकाने काहींच्या कपाळावर चट्टा उठतो, तो या प्रकारचा.

म्हणून वासाची तीव्रता हे धोक्याचे माप नव्हे. सांडपाणी प्राणवायूवाचून कुजले म्हणजे हायड्रोजन सल्फाइड वायू निर्माण होतो. हवेच्या एक अब्ज भागांत त्याचे थोडेसे भाग असले तरी कुजक्या अंड्यासारखा वास येतो. पण दशलक्षात सुमारे १०० भाग झाले की नाक बधिर होते. धोका वाढलेला असतो आणि वास मात्र नाहीसा होतो.

याखेरीज काही माणसांना अत्तर, रंग, फिनेल अशा परस्परभिन्न द्रव्यांच्या अल्प अंशानेही थकवा, डोकेदुखी व धाप जाणवते. अमेरिकेतील डॉ. थेरॉन रँडॉल्फ यांनी १९५० नंतरच्या दशकात याकडे लक्ष वेधले. १९८७ मध्ये डॉ. मार्क कलेन यांनी ‘बहुविध रासायनिक संवेदनशीलता’ अशी त्याची व्याख्या केली. द्रव्याचे नाव गुप्त ठेवून घेतलेल्या चाचण्यांत अशा रोग्यांना खरे द्रव्य व शुद्ध हवा यांतील भेद बहुधा ओळखता आला नाही. यावरून विकाराचे मूळ केवळ द्रव्याच्या विषारीपणात नसावे, असे अनुमान निघते. रोगी सोंग करतो, असे मात्र निघत नाही. पूर्वीच्या त्रासाची धास्तीही शरीरात खरी धडधड आणि खरी डोकेदुखी उत्पन्न करू शकते.

तेव्हा अशा माणसास हसू नये. वर्गात किंवा वाचनालयात उदबत्ती लावू नये. फरशी पुसल्यावर खिडक्या उघड्या ठेवाव्यात. सुगंधी फवाऱ्याने दुर्गंधी झाकते, हवा शुद्ध होत नाही. ब्लीचिंग पावडर व ॲसिड कधीही एकत्र करू नयेत, कारण त्यांपासून क्लोरिन हा घातक वायू निघतो. वारंवार धाप लागत असल्यास डॉक्टरांस दाखवावे. आणि धुण्याची पूड मोजूनच घ्यावी. आपल्या मोरीतून गेलेले पाणी कोणत्या तरी तलावाच्या काठी राहणाऱ्यांच्या दारी जातच असते.