सर्व्हर डाऊन म्हणजे नेमकं काय?

राळेगावात सातबारा काढायला जा, नाहीतर अंगठा लावून पैसे काढायला जा, एक वाक्य कधी ना कधी ऐकावं लागतंच: "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." उद्या म्हणजे पुन्हा एसटीचं भाडं आणि एका दिवसाची बुडालेली मजुरी. म्हणून हा सर्व्हर कोण, ते आज आम्ही सांगणार आहोत. (पुष्कळदा तो बिचारा ठणठणीत असतो, आपल्याकडची रेंजच गेलेली असते.)

सर्व्हर म्हणजे नोंदी सांभाळणारा मोठा संगणक. महत्त्वाच्या नोंदी एकाच संगणकावर सोडत नाहीत; त्याच वहीच्या प्रती आणखी ठिकाणी ठेवतात. आपल्या आधारची माहितीही बंगळुरू आणि हरियाणातलं मानेसर अशा दोन ठिकाणी आहे.

मग लिहायचं कोणी? आपला बचत गट बघा. शिल्लक २००० रुपये, आणि दोघीजणी वेगवेगळ्या वह्या लिहितात. दोघींनी त्याच २००० चं कर्ज दोन बायांना मंजूर केलं, तर? म्हणून बहुतेक ठिकाणी लिहिणारा सर्व्हर एकच असतो. त्याला प्रायमरी म्हणतात. बाकीचे रेप्लिका, म्हणजे त्याची नक्कल उतरवून घेणारे. पूर्वी यांना मास्टर आणि स्लेव्ह, म्हणजे मालक आणि गुलाम म्हणत. मायएसक्यूएल या प्रसिद्ध डेटाबेसने २०२० साली ही नावं सोडायचं ठरवलं. बरंच केलं.

काही ठिकाणी तिसरा एक साक्षीदार असतो. त्याच्याकडे वही नसते, फक्त मत असतं. ते कशाला? दोनच सर्व्हर असले आणि मधली लाइन तुटली, तर दोघांनाही वाटतं समोरचा मेला, आणि दोघेही लिहायला बसतात. तिघांत मात्र ज्या बाजूला दोन मतं, तीच लिहिते. एकटा पडलेला गप्प बसतो. म्हणजे कधीकधी काम मुद्दाम थांबवलेलं असतं, हिशेब दुहेरी होऊ नये म्हणून.

तरी गोंधळ होतोच, कारण नक्कल काही क्षण मागे राहू शकते. जगभरचे प्रोग्राम लिहिणारे आपलं काम गिटहबवर ठेवतात. २१ ऑक्टोबर २०१८ ला तिथली जोडणी अवघी ४३ सेकंद तुटली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा प्रायमरी दिसेना, म्हणून पश्चिमेकडचा पुढे झाला. पण पूर्वेकडे झालेल्या शेवटच्या काही नोंदी त्याच्यापर्यंत पोचल्याच नव्हत्या. सगळं सुरळीत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली.

आता आपल्या कामाचं. अंगठा लावला, पैसे कापल्याचा मेसेज आला, पण हातात काहीच नाही, तर लगेच दुसऱ्यांदा अंगठा लावू नका. आधी शिल्लक बघा, आणि व्यवहार फसला असला तरी पावती मागून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमाप्रमाणे असे पैसे व्यवहारानंतर ५ दिवसांच्या आत खात्यात परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला, तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. नाहीच आले, तर जिथे खातं आहे त्या बँकेत तारीख, वेळ आणि रक्कम लिहून तक्रार द्या आणि तिची पोच घेऊन या.