नभोवाणी केंद्राचे बिऱ्हाड

नभोवाणी केंद्र म्हटले की डोळ्यांपुढे उंच मनोरा उभा राहतो. वस्तुतः केंद्राची घरे दोन असतात. वक्ता बसतो तो स्टुडिओ एकीकडे, आणि लहरी सोडणारे यंत्र व मनोरा दुसरीकडे, पुष्कळदा एखाद्या टेकडीवर. केंद्राचे बिऱ्हाड हलते तेव्हा बहुधा मनोरा जागीच राहतो. हलतो तो स्टुडिओ. तो हलविणेही सोपे नाही. उघड्या भिंतींवरून आवाज परततो, शेजारच्या जिन्यावरील पावले ध्वनिग्राहकाला ऐकू जातात. म्हणून भिंतींना मऊ अस्तर आणि दारे दुहेरी, घट्ट बसणारी लागतात. तबकड्यांचा संग्रह अनुक्रम न मोडता न्यावा लागतो, हे तर निराळेच.

पण लोकांनीच चालविलेल्या केंद्रांची खरी अडचण भिंतींची नसून छप्पर कोणाचे, ही असते. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथील ‘फोर ट्रिपल झेड’ केंद्राचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. ८ डिसेंबर १९७५ रोजी ते क्वीन्सलँड विद्यापीठाच्या आवारात, विद्यार्थिसंघाच्या इमारतीत सुरू झाले. राज्यात ज्यो बिएल्के-पीटरसन यांचे कडवे सरकार होते. १९७७ साली त्याने रस्त्यावरील मोर्चांना बंदी केली. इतरत्र ज्यांना वाव नव्हता त्यांची बाजू या केंद्राने ऐकविली. सरकारचा रोष त्याने पचविला. परंतु डिसेंबर १९८८ मध्ये आघात आला तो घरमालकाकडूनच. विद्यार्थिसंघाची सूत्रे विरुद्ध विचारांच्या मंडळींकडे गेली होती. त्यांनी केंद्राला जागेबाहेर काढले. श्रोत्यांनी निषेध केला. तरी बिऱ्हाड हलवावेच लागले.

प्रथम टुवाँग उपनगरात तात्पुरता आसरा मिळाला. पुढे १९९२ साली फॉर्टिट्यूड व्हॅली भागात केंद्राने स्वतःची इमारत घेतली. ही वास्तू पूर्वी कम्युनिस्ट पक्षाची कचेरी होती; तो पक्ष आदल्याच वर्षी विसर्जित झाला होता. वर्गणीदारांच्या वर्गणीवर आणि गाण्यांच्या जलशांवर चालणाऱ्या संस्थेने शहरात घर करावे, ही सामान्य गोष्ट नव्हे.

भारतात हा प्रश्न अधिक अवघड आहे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने नभोलहरी ही सार्वजनिक मालमत्ता ठरविली. त्या खंडपीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. पुढे २००२ साली शिक्षणसंस्थांना व २००६ साली ना-नफा संस्थांना लहान केंद्रे काढण्याची मुभा मिळाली. पण परवाना संस्थेच्या नावे असतो, बोलणाऱ्यांच्या नव्हे. शिवाय शक्ती साधारणतः १०० वॅटची, त्यामुळे मनोरा बहुधा स्टुडिओच्या शेजारीच उभा असतो. येथे बिऱ्हाड हलवायचे तर मनोराही हलतो. आणि मनोऱ्याची संमती त्या विशिष्ट जागेपुरतीच असल्याने ती नव्याने मिळवावी लागते. संस्थेचे आणि कार्यकर्त्यांचे बिनसले, तर ब्रिस्बेनच्या मंडळींप्रमाणे गाशा गुंडाळून दुसरीकडून बोलू लागणे येथे शक्य होत नाही.

हैदराबादेहून जहिराबादकडे गेल्यास माचनूर हे गाव लागते. तेथील संघम् रेडिओ १५ ऑक्टोबर २००८ रोजी सुरू झाला. त्याचा परवाना डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेचा आहे, आणि तो चालवितात परिसरातील दलित शेतकरी स्त्रिया. ध्वनिमुद्रणही त्याच करतात, आणि बी-बियाण्यांविषयीचे बोलणे तेथे शेतातल्याच तेलुगूत होते.