गोगलगाय : कीड खरी, पण कीटक नव्हे!



सोयाबीन नुकते दोन पानांवर आलेले असते आणि सकाळी पाहावे तर ओळीच्या ओळी फस्त! अळी कुठे दिसत नाही. जमिनीवर मात्र चिकट, चकाकणारे पट्टे असतात. हे काम शंखी गोगलगायीचे. 2022 च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिव भागांत तिच्यामुळे अनेकांवर दुबार पेरणीची पाळी आली.

अशा वेळी पुष्कळजण कीटकनाशकाचा पंप पाठीवर घेतात. थांबा! कीटकाला सहा पाय असतात. गोगलगाय मृदुकाय संघातली, म्हणजे नदीतल्या शिंपल्याची आणि समुद्रातल्या माकुळाची भावकी. ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ ही आपली म्हण शास्त्रालाही धरून आहे. पोटाचा स्नायू हाच तिचा पाय, म्हणून तिच्या वर्गाचे नाव उदरपाद. कीटकांसाठीच्या औषधाला ती सहसा दाद देत नाही. मग पैसा का वाया घालवावा?

ही आफ्रिकी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेतली. 1847 साली मॉरिशसहून ती कलकत्त्यास आणली गेली व पुढे पसरली. तिची जीभ कानशीसारखी असते. तिने ती पाने खरवडून खाते. तिच्यात नर-मादी वेगळे नसतात, त्यामुळे प्रत्येक गोगलगाय अंडी घालू शकते. ज्वारीच्या दाण्याएवढी शेकडो अंडी ती भुसभुशीत, ओल्या मातीत घालते. उन्हाळ्यात शंखाचे तोंड बंद करून जमिनीत पडून राहते आणि पावसाबरोबर जागी होते.

तिला ओल हवी, अंधार हवा. हेच तिचे वर्म. बांधावरचे गवत, पालापाचोळ्याचे ढीग काढा. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे शेतात ठिकठिकाणी टाका. पहाटे त्यांखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवा. मीठ बादलीतच वापरा. शेतात टाकाल तर जमीन बिघडेल. बांधालगत चार बोटे रुंद चुन्याचा पट्टा ओढा. पावसाने धुपला की पुन्हा ओढा.

प्रादुर्भाव फार असेल तर मेटाल्डिहाइडच्या गोळ्या एकरी 2 किलो टाकाव्यात. पण कोंबड्या, कुत्री, गुरे व मुलेबाळे त्यांपासून दूर ठेवा. ते विषच आहे. गोगलगायी उघड्या हाताने उचलू नका, त्यांच्यात माणसाला बाधणारे कृमी असू शकतात. हातमोजे घाला, नंतर हात साबणाने धुवा.

एकट्याने वेचून भागत नाही. शेजारच्या बांधावरून ती पुन्हा येते. तेव्हा सारी आळी मिळून पहिल्या पावसालाच कामाला लागा. आज वेचलेली एक गोगलगाय म्हणजे उद्याची शेकडो कमी!